एन्रॉनची वीज महाग का पडली? उत्तर तुमच्या गावच्या बंद घराच्या बिलात आहे

नमस्कार मंडळी, चिपळूणहून बोलतेय.

वीजबिल कसं वाचायचं, हा व्हिडिओ मी टाकला तेव्हापासून खाली दोनच प्रश्न येतायत. मुंबई-ठाण्याचे चाकरमानी विचारतात, "ताई, गावचं घर गणपती ते शिमगा कुलूपबंद असतं, एक दिवा लागत नाही, तरी बिल कसलं येतं?" आणि राजापूर, देवगडकडची मंडळी विचारतात, "ताई, जैतापूरला अणुवीज प्रकल्पासाठी फ्रान्सची कंपनी येतेय. एन्रॉनसारखंच होणार ना?"

पहिले काही दिवस मी हे दोन वेगळे प्रश्न धरून चालले होते. मी दिवसभर व्यापाऱ्यांचे जमाखर्च लिहिते, त्यामुळे एका संध्याकाळी दोन्ही वहीत शेजारी-शेजारी मांडून पाहिले. दोघांचं उत्तर बिलातल्या एकाच ओळीत आहे. स्थिर आकार.

आधी एन्रॉनची गोष्ट झटपट सांगते, बहुतेकांना माहीतच आहे. १९९१ मध्ये देशाकडे परकीय चलन उरलं नव्हतं, वीजमंडळांकडे नवी केंद्रं बांधायला पैसा नव्हता. सरकारने वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली केली. शंभर टक्के मालकी परदेशी चालेल, भांडवलावर १६ टक्के परतावा मिळेल, असं सांगितलं. अमेरिकेतल्या ह्यूस्टनची एन्रॉन आली. कोकणात वीजकेंद्र बांधायचा राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार जून १९९२ मध्ये झाला, टेंडर न काढता. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला, वीस वर्षांचा. १९९५ मध्ये राज्यात सरकार बदललं, प्रकल्प रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि तो परत सुरू झाला. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा चालू झाला, ७४० मेगावॉटचा. मे २००१ मध्ये बंद. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिकडे अमेरिकेत एन्रॉननेच दिवाळं काढलं.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक व्हिडिओत सांगते आणि आजही सांगणार. प्रकल्प दाभोळला नाही! दाभोळ वाशिष्ठीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूर-रानवीच्या बाजूला. मध्ये खाडी आहे, फेरीबोटीने धोपाव्याला उतरावं लागतं. कंपनीने नाव दाभोळ पॉवर ठेवलं आणि जगभरात तेच छापून आलं. ज्यांची जमीन गेली, ज्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्यांच्या गावांची नावं मागे राहिली. जून १९९७ मध्ये पोलीस पहाटे वेलदूरच्या घरांत शिरले आणि बायकांना मारत बाहेर काढलं, हे ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ च्या अहवालात नोंदवलंय. तेव्हा निदान नावं तरी बरोबर घ्या, एवढीच माझी विनंती.

आता मूळ मुद्द्याकडे. हा मी तीनदा सांगणार आहे, तीन बाजूंनी. कंटाळू नका, कारण कमेंटमध्ये नव्वद टक्के गैरसमज इथेच होतो.

पहिली बाजू, तुमचं कुलूपबंद घर. (बिल कॅमेऱ्यासमोर धरते.) ही ओळ बघा, स्थिर आकार. ही तुम्ही वापरलेल्या विजेची किंमत नाही. खांब, तारा, डीपी, रात्री अपरात्री फेज गेला तर येणारा लाईनमन, हे सगळं तुमच्यासाठी तयार ठेवल्याचे हे पैसे आहेत. खालची ओळ वीज आकार, ती युनिटप्रमाणे. महिनाभरात तुम्ही एकच युनिट जाळलं, तर पूर्ण स्थिर आकार त्या एकाच युनिटच्या डोक्यावर बसतो. मग तुम्ही म्हणणार, "बघा, एक युनिट शंभराच्या वर पडलं." पडलं, हे खरं. पण तो दर कोणी लावला नाही. तो भागाकार आहे.

दुसरी बाजू, आमच्या मामांचा टेम्पो. मामांची आंब्याची कलमं गुहागर तालुक्यात. एका वर्षी मोहोर बघून त्यांनी सीझनभरासाठी टेम्पो ठरवला. महिन्याला चाळीस हजार, गाडी दारात उभी, डिझेल वेगळं. महिन्याला आठशे पेट्या वाशीला जातील असा अंदाज होता, म्हणजे पेटीमागे पन्नास रुपये. मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला, मोहोर गळला, तुडतुडा पडला. महिन्याला जेमतेम शंभर पेट्या निघाल्या. भाडं पेटीमागे चारशे! मामी टेम्पोवाल्यावर चिडल्या होत्या. मामा म्हणाले, "त्याने गाडी उभी ठेवली, शब्द पाळला. आठशे पेट्यांचा अंदाज माझा होता." मी तेव्हा कॉलेजात होते. स्थिर खर्च मी पुस्तकात नंतर शिकले, त्या खळ्यात आधी.

आता ह्या टेम्पोच्या करारात आणखी एक कलम घाला. भाडं रुपयांत नाही, सोन्याच्या भावाने द्यायचं. म्हणजे आंबा कमी आला आणि त्याच वर्षी सोनं वाढलं, तर मामा दोन्हीकडून मेले. एन्रॉनच्या करारात सोन्याच्या जागी डॉलर होता. १९९३ मध्ये डॉलर एकतीस रुपयांच्या आसपास, २००१ मध्ये सेहेचाळीस-सत्तेचाळीस. आणि डिझेलच्या जागी नाफ्ता, म्हणजे खनिज तेलापासून निघणारं इंधन. पहिला टप्पा नाफ्त्यावर चालत होता, आणि १९९९ ते २००० मध्ये जगात तेलाच्या किमती दुपटीहून जास्त चढल्या.

तिसरी बाजू, खुद्द प्रकल्प. ७४० मेगावॉटचं केंद्र ९० टक्के चाललं, तर वर्षाला सुमारे ५८३ कोटी युनिट वीज होते. गुणाकार करून बघा: ७४० गुणिले ८७६० तास, गुणिले ०.९. करार असा होता की कंपनीने केंद्र तयार ठेवलं की मंडळाने स्थिर खर्च भरायचा, वीज उचला नाहीतर नका उचलू. आता पुढचे आकडे माझे आहेत, फक्त हिशेब कळायला. समजा स्थिर खर्च वर्षाला एक हजार कोटी. ५८३ कोटी युनिट घेतले तर युनिटमागे एक रुपया बहात्तर पैसे. दोनशे कोटीच घेतले तर पाच रुपये. इंधन वेगळंच. केंद्र तेच, करार तोच, कंपनी तीच. फक्त उचल कमी.

म्हणून एका प्रेक्षकांची ती कमेंट, "एन्रॉनने सात रुपये दर लावला, लुटलं," मी पिन करून ठेवलीय. राग रास्त आहे. २००० मध्ये काही महिने ती वीज युनिटमागे सात रुपयांच्या वर गेली होती. पण करारात कुठेही सात रुपये लिहिलेलं नाही, दादा. महाग तेल, महाग डॉलर आणि कमी उचल, यांतून तो आकडा निघाला. लूट शोधायची असेल तर दरात नका शोधू, जिथे सगळी जोखीम एकाच बाजूला टाकली त्या कलमात शोधा. तुम्ही "सात रुपये, सात रुपये" म्हणत राहिलात, तर पुढची कंपनी येऊन सांगेल, "आमचा दर अडीच रुपये," आणि तुम्ही टाळ्या वाजवाल. अडीच रुपये किती युनिट उचलल्यावर? हे विचारायचं राहून जाईल.

मग मंडळाने वीज उचलली का नाही? मला हे सांगताना फार वाईट वाटतं, कारण उत्तर माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. वीज घेताना आधी स्वस्त, मग महाग, असा क्रम लावतात. चंद्रपूर, कोराडीचा कोळसा स्वस्त. त्याहून स्वस्त आमची कोयना. धरण घाटावर, पण वीजघर खाली पोफळी-अलोऱ्याला, चिपळूण तालुक्यात. एकूण १९६० मेगावॉट. संध्याकाळी मागणी चढली की पाणी सोडायचं, मिनिटांत वीज. आणि ते पाणी टर्बाईन फिरवून कुठे जातं? वाशिष्ठीत. आमच्या चिपळूणवरून वाहतं आणि समुद्राला मिळतं ते कुठे? दाभोळच्या खाडीत, एन्रॉनच्या कुंपणासमोर. एकाच नदीच्या वरच्या अंगाला राज्यातली स्वस्तातली स्वस्त वीज आणि मुखावर सगळ्यात महाग. क्रमात खालचीच मागे पडणार.

जागतिक बँकेने हे १९९३ मध्येच सांगितलं होतं. प्रकल्पाला कर्ज द्यायला नकार देताना तिचं म्हणणं होतं की एवढं मोठं केंद्र रात्रंदिवस चालवलं तर स्वस्त कोळशाची वीज बाजूला सारावी लागेल. राज्याला टंचाई होती ती संध्याकाळच्या वेळेची. चोवीस तास चालणाऱ्या महाग केंद्राने ती भागत नव्हती. हे लिहून दिल्यावर आठ वर्षांत तसंच घडलं.

"आंदोलनाने एन्रॉन घालवली," असं दर दोन दिवसांनी कोणीतरी लिहितं, कोणी अभिमानाने, कोणी रागाने. अंजनवेल-वेलदूरच्या लोकांच्या लढ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांनी विचारलेले प्रश्न बरोबर निघाले. पण सगळा विरोध होऊनही प्रकल्प उभा राहिला, चालला. बंद पडला तो थकलेल्या बिलांमुळे. मंडळाला पैसे देता येईनात. आता पतपेढीचं कर्ज डोळ्यांसमोर आणा. कर्जदार थकला की जामीनदाराकडे जातात. इथे मंडळाला राज्य सरकार जामीन, आणि राज्य सरकारला केंद्र सरकार जामीन. प्रतिहमी म्हणतात ती हीच. २००१ च्या सुरुवातीला कंपनी थेट दिल्लीच्या दारात गेली. म्हणजे वेलदूरच्या मच्छीमाराला होडीतून दिसणाऱ्या केंद्राच्या चिमणीचं बिल, शेवटी केरळ-आसामच्या माणसाच्याही खिशावर आलं असतं.

पुढे २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी वीज आणि गॅस कंपन्यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी काढून केंद्र ताब्यात घेतलं. २०१५ मध्ये रेल्वे तिथली वीज घेऊ लागली. जहाजाने येणारा गॅस उतरवायच्या जेटीला लाटा अडवणारा बंधारा पुरा नव्हता, म्हणून पावसाळ्यात जहाज लागत नसे. नारळी पौर्णिमेआधी समुद्र कसा असतो, हे आपल्या कोळ्यांना विचारलं असतं तरी कळलं असतं.

आणि सगळ्याच परदेशी कंपन्या पळाल्या, असंही नाही. हाँगकाँगची सीएलपी २००२ मध्ये गुजरातच्या पगुथणचं केंद्र घेऊन आली आणि टिकली. आज तिचं नाव अप्रावा आहे. तेव्हा "परदेशी म्हणजे वाईट" हे उत्तर मला पुरत नाही.

आता जैतापूर. ईडीएफ ही फ्रेंच सरकारच्या मालकीची वीज कंपनी. २०१८ च्या मार्चमध्ये तिचा आपल्या एनपीसीआयएलशी, म्हणजे सरकारी अणुवीज कंपनीशी, पुढच्या वाटचालीचा करार झाला, २०२१ च्या एप्रिलमध्ये तिने बंधनकारक प्रस्ताव दिला. माडबनच्या सड्यावर सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी सुमारे सतराशे मेगावॉट. इथे एन्रॉनपेक्षा मोठा फरक आहे. ईडीएफ मालक नाही, ती भट्टी आणि तंत्रज्ञान विकणार. मालक आणि चालक एनपीसीआयएल. म्हणजे टेम्पो भाड्याचा नाही, टेम्पो मामांनीच विकत घ्यायचा.

पण विकत घेतला म्हणून स्थिर खर्च जात नाही, उलट वाढतो. अणुविजेत इंधनाचा वाटा थोडा, बांधकाम आणि व्याजाचाच सगळा भार. बिलाच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ सगळाच स्थिर आकार. आणि बांधकाम लांबलं की व्याज चढतं. याच जातीची भट्टी ईडीएफने स्वतःच्या देशात, फ्लामांव्हिलला, २००७ मध्ये बांधायला घेतली. २०१२ ला सुरू व्हायची होती. ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. खर्चाचा अंदाज ३.३ अब्ज युरोंवरून १३.२ अब्जांवर गेला. त्यांच्या घरच्या अंगणात हे झालं.

जैतापूरजवळच्या साखरी नाट्याच्या एका मावशींनी विचारलंय, "आम्ही मासळीची काळजी करायची की दराची?" मावशी, दोन्हीची. समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्यावर वेगळा व्हिडिओ करते, ते दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही. दराबद्दल मात्र जनसुनावणीत तीन गोष्टी लेखी विचारा. उशीर झाला तर वाढीव व्याज कोण भरणार? पैसे रुपयांत की युरोंत? आणि वीज उचलली नाही तरी किती द्यायचे? वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत मी स्वतः उभी राहिलेय. माणूस साध्या आवाजात, आकडा धरून बोलला तर ऐकून घेतात, लिहून घेतात.

आणि एक काम तुमच्याकडे. वेलदूर, अंजनवेल, रानवी, धोपावे, पलीकडे दाभोळ, इथल्या कोणाच्या घरी ट्रंकेत १९९९ ते २००१ मधलं वीजबिल राहिलं असेल, तर नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून फोटो पाठवा. त्या चिमणीच्या सावलीत राहणाऱ्या घराला तेव्हा स्थिर आकार किती लागत होता, ते मला बघायचंय.