बहूरीमची विहीर

श्रोतेहो, नमस्कार.

विषय दिलाय निष्ठा आणि फितुरी. हिब्रू शास्त्रातली, म्हणजे यहुदी ज्याला तनाख म्हणतात आणि ख्रिस्ती मंडळी जुना करार म्हणतात, त्यातली. आता यात सासूला न सोडणारी रूथ यायला हवी, दाविदाचा जिवलग मित्र योनाथान यायला हवा, शमशोनाचे केस कापवणारी दलीला तर हवीच. पण त्यांना आज रजा. मला एका विहिरीची गोष्ट सांगायची आहे.

गोष्ट शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातली. दावीद राजा यरुशलेमेत, आणि त्याच्यावर उलटला त्याचाच मुलगा, अबशालोम. देखणा, दाट केसांचा. हा रोज सकाळी वेशीच्या वाटेवर उभा राहायचा. गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसाला थांबवून म्हणायचा, तुझी बाजू खरी आहे रे, पण राजाकडे ऐकून घेणारं कुणी नाही. माणूस पाया पडायला वाकला की त्याला धरून त्याचा मुका घ्यायचा. प्रचार ही काही आजची कला नाही, श्रोतेहो. मग नवस फेडायचा म्हणून तो हेब्रोनला गेला आणि तिथं राजा झाला. म्हातारा बाप अनवाणी, डोकं झाकून, रडत जैतुनांच्या डोंगराची चढण चढत निघाला.

आता दोन माणसं लक्षात ठेवा. पहिला अहीथोफेल, दाविदाचा मंत्री. याचा सल्ला म्हणजे देवाला कौल लावल्यासारखा, असं शास्त्रच म्हणतं. हा फितूर झाला. दुसरा इत्तय, गथचा. गथ म्हणजे दाविदाने गोफणीने लोळवलेल्या त्या धिप्पाड गल्याथाचं गाव, शत्रूचा मुलूख. दावीद त्याला म्हणाला, अरे तू परका, कालच आलास, तुला माझ्याबरोबर कशाला रानोमाळ फिरवू? परत जा. इत्तय म्हणाला, मरायला असो की जगायला, धनी जिथे, चाकर तिथे. घरचा मंत्री गेला, परका राहिला. पुन्हा सांगतो: घरचा गेला, परका राहिला.

डोंगरमाथ्यावर भेटला हूशय, राजाचा मित्र, अंगरखा फाडलेला, डोक्यात माती घातलेली. दाविदाने त्याला सोबत घेतलं नाही. परत पाठवलं, अबशालोमाच्या दरबारात. म्हणजे हेरगिरीलाच. हूशय गेला आणि ओरडला, "राजा चिरायू होवो! राजा चिरायू होवो!" कुठला राजा ते बोलला नाही. अबशालोमाने टोमणा मारला, हीच का तुझी मित्रावरची निष्ठा? इथला हिब्रू शब्द आहे हेसेद. त्याचं भाषांतर कुणी दया करतं, कुणी वात्सल्य. माझ्या मते आपलं "खाल्ल्या मिठाला जागणं" त्याच्या जास्त जवळ जातं. भाषांतरकार घरातला शब्द सोडून कपाटातला का काढतात, हे मला कधी कळलं नाही. असो.

अहीथोफेल म्हणाला, 12,000 माणसं द्या, आज रात्रीच गाठतो, थकलेला आहे तोवर, एकट्या राजाला मारतो. सल्ला अचूक होता. हूशय म्हणाला, छे, म्हातारा मुरलेला लढवय्या आहे, आधी दानपासून बैरशेब्यापर्यंतची, म्हणजे देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची, सगळी फौज गोळा करा. अबशालोमाला मोठ्या फौजेचं चित्र आवडलं. पण दाविदाला निरोप कसा द्यायचा? आज रात्री मैदानात मुक्काम करू नका, नदी ओलांडा, एवढाच निरोप. हूशयाने तो सादोक आणि अब्याथार या याजकांना सांगितला. याजकांची मुलं, अहीमास आणि योनाथान (हा योनाथान वेगळा), शहराबाहेर एन-रोगेल झऱ्याजवळ दबा धरून. त्यांच्यापर्यंत निरोप नेला एका दासीने. झऱ्यावर निघालेल्या बाईकडे कोण बघतो? बघतं कोण, तर एक पोरगं. त्याने नेमकं या दोघांना पाहिलं आणि अबशालोमाला जाऊन सांगितलं.

दोघे पळाले. पळत पळत बहूरीम नावाच्या गावात एका घरात शिरले. नाव लक्षात ठेवा, बहूरीम. अंगणात विहीर. दोघे उतरले विहिरीत. आणि त्या घरच्या बाईने काय केलं माहितीय? विहिरीच्या तोंडावर कापड पसरलं आणि त्यावर धान्य वाळत घातलं. वाळवण! काही सुगावा लागला नाही, असं लिहिणारा चार शब्दांत सांगून मोकळा होतो.

मी इथं दर वेळी थांबतो. लहानपणी गच्चीवर काठी घेऊन कावळे हाकायचं काम माझ्याकडे असे. वाळवणावर पाय द्यायची कुणाच्या बापाची टाप नव्हती. आता फ्लॅटमध्ये कुरडया विकतच्या आणि गच्चीला सोसायटीचं कुलूप, तो भाग वेगळा. तर शिपाई आले. दाराशी भाले, अंगणात वाळवण, वाळवणाखाली दोन माणसं श्वास रोखून. एखाद्याने कोपरा जरी उचलला असता! "अहीमास आणि योनाथान कुठे आहेत?" बाई म्हणाली, "ते ओढ्यापलीकडे गेले." शिपायांनी शोधलं, सापडले नाहीत, यरुशलेमेला परतले. मग दोघे वर आले आणि निघाले. उजाडेपर्यंत दाविदाचा एकही माणूस यार्देन नदीच्या अलीकडे उरला नव्हता.

त्या धान्याला हिब्रूत रिफोत म्हणतात, कांडलेलं, भरडलेलं धान्य. हा शब्द नीतिसूत्रांत आणखी एकदा येतो: मूर्खाला उखळात धान्याबरोबर घालून मुसळाने कुटलं तरी त्याचा मूर्खपणा जात नाही. याचा निष्ठेशी काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुंबईच्या बेने इस्रायल मंडळींनी, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच शास्त्रातल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. या विहिरीसाठी प्रवचन नको, कीर्तनच हवं.

तिकडे अहीथोफेलने पाहिलं की आपला सल्ला मानला नाही. त्याने गाढवावर खोगीर घातलं, आपल्या गावी गेला, घराची व्यवस्था लावली आणि गळफास घेतला. तो फितूर का झाला हे शास्त्र सांगत नाही. पण दोन ठिकाणची नावं जुळवणारे जुने यहुदी पंडित म्हणतात की तो बथशेबेचा आजोबा. बथशेबा म्हणजे दुसऱ्याची बायको, जिच्यावर दाविदाचं मन गेलं आणि जिला त्याने पुढे आपली राणी केलं. आणि बथशेबेच्या नवऱ्याचं, उरियाचं, काय झालं? हाही परका, हित्ती. फौज तंबूत असताना मी घरी निजणार नाही म्हणणारा. त्याला मारायचा हुकूम दाविदाने पत्रात लिहिला आणि ते पत्र त्याच्याच हाती देऊन पाठवलं. आता फितूर कोण, ते तुम्हीच ठरवा.

आणि बहूरीम? तिथलाच शिमी नावाचा माणूस. पळणाऱ्या राजाला शिव्या देत, दगड मारत, धूळ उडवत डोंगराच्या कडेने चालला होता. पुढे अबशालोम लढाईत मारला गेला, दावीद परतला आणि त्याने शिमीला अभय दिलं, शपथेवर. म्हातारपणी अंथरुणाला खिळल्यावर दाविदाने गादीवर बसणाऱ्या मुलाला, शलमोनाला, जवळ बोलावून हिशेब सांगितले. मी पळत होतो तेव्हा बर्जिल्लयने भाकर दिली होती, त्याच्या मुलांना तुझ्या पंगतीला बसव. आणि तो बहूरीमचा शिमी आहे ना, त्याला सोडू नकोस.

बहूरीम आठवलं त्याला. विहिरीवर वाळवण घालणारीचं नाव तिथंही येत नाही.

नमस्कार.