आपल्याकडच्या इंटरनेटचा इतिहास

नमस्कार मंडळी! इंटरनेटचा इतिहास म्हटलं की गाडी अमेरिकेत सुरू होते आणि तिथेच थांबते, आज आपण आपल्याकडचं बोलू.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीनं सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्याआधीही एर्नेट नावाचं नेटवर्क होतं, पण ते आयआयटी, मुंबईत जुहूची एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधन संस्था, अशा संस्थांपुरतं. घरी कनेक्शन घ्यायचं तर २५० तासांचे ५,००० रुपये, फोनचं बिल वेगळं, आणि स्पीड किती, तर ९.६ केबीपीएस! आजचा मोबाईलवरचा ३ एमबीचा एक फोटो त्या लाईनवरून यायला पाऊण तास गेला असता, आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज.

मग लोक सायबर कॅफेत जायला लागले, आणि माझ्या मते खरा इतिहास तिथेच आहे. त्या प्लायवूडच्या कप्प्यांत कोण बसायचं, मुलींना घरचे एकटं जाऊ द्यायचे का, बारावीचा निकाल बघायला गावातून तालुक्याला कोण यायचं, परदेशातल्या मुलाचा ईमेल आईवडिलांना कोण वाचून दाखवायचं, हे सगळं कॅफे चालवणाऱ्यांना माहितीय आणि ती माणसं अजून आहेत, त्यांना जाऊन विचारा ना! समाजशास्त्राच्या पोरांना प्रोजेक्टला याच्यासारखा विषय मिळणार नाही.

दुसरी गोष्ट फॉन्टची. युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी ठरावीक नंबर देणारी पद्धत, रुळायच्या आधी मराठी मजकूर शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये टाईप व्हायचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हंच, फॉन्टमुळे फक्त मराठी दिसायची, आणि प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की नुसता गिचमिड काला. १९९६ पासून इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था वेबसाइटची जुनी पानं साठवतेय, फार मोठं काम आहे ते, पण असलं मराठी पान तिथे सापडलं तरी फॉन्टशिवाय वाचता येत नाही, सर्चमध्येही मराठी शब्द टाकून मिळत नाही. म्हणजे जपलेलं आहे आणि तरी हाताला लागत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा घरात जुनी सीडी, फ्लॉपी असेल तर फेकू नका, त्यातल्या फाईली कॉपी करून घ्या, आणि मजकुराबरोबर फॉन्टची फाईल आठवणीनं घ्या, फॉन्टचं नाव आणि साल कागदावर लिहून ठेवा.