जखमेवरचा थर आणि समुद्रातला जिवाणू

नमस्कार श्रोतेहो. माझ्या आत्याच्या पायाला शुगरमुळे झालेली जखम पाच महिने भरतच नव्हती. ड्रेसिंगला मी सोबत जायचो. सिस्टर गॉजने तो पिवळसर बुळबुळीत थर पुसायच्या, मग खरवडून काढायच्या, आत्या माझा हात घट्ट दाबून धरायची, आणि दोन दिवसांनी पट्टी सोडली की थर परत तिथेच हजर. कल्चरचा रिपोर्ट आला त्यात औषधांच्या नावापुढे आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट, ते औषध त्या जिवाणूवर चालत नाही.

असा थर म्हणजे बऱ्याचदा बायोफिल्म. जिवाणू एकमेकांना धरून वस्ती करतात आणि भोवती साखर, प्रथिनं आणि डीएनए यांचा चिकट गिलावा थापतात. डीएनए म्हटलं की आपल्याला आईवडिलांकडून आलेले गुण आठवतात, पण इथे फुटलेल्या, मेलेल्या जिवाणूंतून सांडलेला डीएनए चक्क डिंकासारखा कामाला येतो, २००२ साली स्यूडोमोनास या जिवाणूवर काम करताना हे नीट कळलं. या गिलाव्यातून औषध आत नीट पोचत नाही, खोलवरचे जिवाणू सुस्त पडलेले असतात आणि बरीच अँटिबायोटिक्स वाढत्या जिवाणूंनाच मारतात, म्हणून एरवीच्या हजारपट डोसलाही त्यातले काही पुरून उरतात.

आता थोडं समुद्राकडे जाऊ. कोकणात होडी किनाऱ्यावर ओढून तिचं बूड खरवडताना पाहिलंय ना तुम्ही? तिथलं शेवाळ-शिंपलं बसायच्या आधी बसतो तो जिवाणूंचाच थर. इंग्लंडमधे न्यूकॅसल विद्यापीठात ग्रँट बर्जेस आणि त्यांचे सहकारी जहाजांची बुडं स्वच्छ कशी ठेवायची याच्या मागे होते, जखमा त्यांच्या डोक्यातही नव्हत्या. त्यांच्याकडे समुद्री शैवालावर मिळालेला बॅसिलस लायकेनिफॉर्मिस हा जिवाणू होता. त्याला वस्ती मोडून पुढे जायचं असलं की तो न्यूकबी नावाचं एन्झाइम सोडतो, ते बाहेरचा डीएनए कापतं, डिंक सुटला की सगळी वस्ती विस्कटते. २०१० साली त्यांनी हे छापलं, आणि गंमत म्हणजे हे एन्झाइम दुसऱ्या जातींच्या जिवाणूंचा थरही सोडवतं.

मग सायनसचा जुनाट त्रास असलेल्या २० पेशंट्सकडून मिळालेल्या जिवाणूंच्या २४ नमुन्यांवर ते लावून बघितलं, ते २०१३ साली प्रसिद्ध झालं. निम्म्याहून जास्त नमुन्यांचे थर सुटले. सगळे नाही, कारण प्रत्येकाचा डिंक वेगळा, कुणाचा साखरेचा जास्त, कुणाचा प्रथिनांचा.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की न्यूकबी जिवाणू मारत नाही, फक्त त्यांचं घर सोडवतं. मारणाऱ्या औषधातून जो वाचतो तोच वाढतो, रेझिस्टन्स असाच तर पसरतो. इथे तसा दाब कमी, आणि उघड्यावर आलेल्या जिवाणूवर एरवी लागू पडणारं औषध काम करू शकतं. डीएनए कापणारं एन्झाइम माणसाला देणं काही नवीन नाही, सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराच्या पेशंटना छातीतला घट्ट कफ पातळ व्हायला तसलं एक एन्झाइम १९९३ पासून श्वासावाटे देतात. न्यूकबीचं मलम मात्र अजून दुकानात मिळत नाही, आणि माझं मन तिथेच अडकतं.

आत्याची जखम शेवटी सातव्या महिन्यात भरली, त्याच खरवडण्याने. पाय वाचला, करंगळी काढावी लागली.