चेहरा वळतो तिथून सुरुवात

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते सॉफ्टबॉलमध्ये, म्हणजे बेसबॉलसारख्या चेंडू-बॅटच्या खेळात, नव्या मुलींना चेंडू झेलायला आणि अडवायला कसं शिकवायचं याबद्दल. सॉफ्टबॉल हे नाव जरा फसवंच आहे. 1887 साली शिकागोतल्या एका बोट क्लबात हा खेळ जन्मला. तिथल्या मंडळींनी म्हणे बॉक्सिंगचा ग्लोव्ह दोरीने आवळून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने तो टोलवला. तेव्हा तो मऊ असेलही. आजचा चेंडू मात्र 12 इंच घेराचा आणि दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचा असतो, आणि अंगावर बसला की चांगलाच बसतो. मोठ्यांना हे नाव ऐकून गंमत वाटते, पण नऊ-दहा वर्षांच्या मुलीला या चेंडूची खरी ओळख पहिल्याच दिवशी पटते.

मग काय होतं ते बघा. चेंडू येतोय. मुलीने ग्लोव्ह, म्हणजे चेंडू झेलायचा मोठा हातमोजा, अगदी शिकवल्यासारखा पुढे धरलाय, गुडघे वाकवलेत. चेंडू हातभर अंतरावर आला की तिची मान खांद्याकडे वळते, डोळे घट्ट मिटतात आणि ग्लोव्ह होता तिथेच राहतो. चेंडू ग्लोव्हच्या कडेला लागून निघून जातो. मैदानाबाहेरून आवाज येतो, "अगं, डोळे उघडे ठेव!" हे वाक्य मी स्वतः इतक्या वेळा ओरडलोय की आता आठवलं तरी ओशाळतो. डोळे मिटणं काही तिने ठरवून केलेलं नसतं, त्यामुळे ओरडून ते उघडत नाहीत. उलट आता तिला दोन भीती असतात, एक चेंडूची आणि एक तुमची.

अशा वेळी बदलायचा असतो तो चेंडू. आधी स्पंजचा किंवा टेनिसचा चेंडू घ्या, ग्लोव्ह बाजूला ठेवा आणि चार-पाच पावलांवरून खालून अलगद फेका. चेंडूवर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके काढा. हातात येण्याआधी समोर दिसलेला रंग मुलीने मोठ्याने सांगायचा, एवढाच खेळ. रंग ओळखायचा तर पाहावंच लागतं, आणि पाहता पाहता मान वळायची विसरते. त्यानंतर मऊ गाभ्याचा 11 इंची चेंडू आणि मगच खरा. यात दोन आठवडे गेले तर जाऊ द्या.

आता ग्लोव्ह. उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलीचा ग्लोव्ह डाव्या हातात. हे पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकीला उलटं वाटतं, कारण झेल "चांगल्या" हातानेच घ्यायचा अशी समजूत असते. ग्लोव्ह शक्यतो लहान असावा. मोठ्या भावाचा ग्लोव्ह मनगटावर लटकतो आणि नवाकोरा ग्लोव्ह फळीसारखा ताठ असतो. माझी परीक्षा सोपी आहे. ग्लोव्ह घालून तो एका हाताने पूर्ण मिटता येतो का? येत नसेल तर सुटलेल्या झेलाबद्दल मुलीला बोलायचं नाही. चेंडू यायला हवा तो अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या जाळीजवळच्या खोलगट भागात. तळहातावर बसला की झणझणतं, म्हणजे चूक कळायला दुसऱ्या कुणाची गरजच पडत नाही.

चेंडू कमरेच्या वर आला तर बोटं आकाशाकडे, खाली आला तर जमिनीकडे. नेमका पोटावर आलेला चेंडू सगळ्यांना गोंधळात टाकतो. तिथे हातांची कसरत करण्याऐवजी पाय हलवून बाजूला सरकलेलं बरं. मोकळा हात ग्लोव्हच्या शेजारी, अंगठ्यामागे ठेवायचा. तो समोर ठेवला तर बोटं दुखावतात.

खरी गंमत, आणि खरा घोटाळाही, जमिनीवरून येणाऱ्या चेंडूत आहे. बेस म्हणजे चेंडू मारल्यावर धावत गाठायची ठरलेली जागा. सॉफ्टबॉलमध्ये एका बेसपासून दुसरी बेस फक्त 60 फुटांवर असते, बेसबॉलमध्ये तेच अंतर 90 फूट. शाळकरी धावपटूसुद्धा साडेतीन-चार सेकंदांत फर्स्ट बेस, म्हणजे पहिली बेस, गाठते. तेवढ्यात चेंडू अडवायचा, उचलायचा आणि फेकायचा. चाचपडायला वेळच नाही.

म्हणून ग्लोव्ह आधी जमिनीला टेकवायचा, अगदी धूळ लागेपर्यंत. चेंडूने अचानक उसळी घेतली तर हात वर जायला वेळ लागत नाही. पण ग्लोव्ह गुडघ्याशी असेल आणि चेंडू उसळलाच नाही, तर खाली पोचेपर्यंत तो पायांमधून मागच्या खेळाडूकडे गेलेला असतो. पाय खांद्यांपेक्षा रुंद ठेवायचे, बूड खाली घ्यायचं आणि ग्लोव्ह पायांमध्ये न ठेवता जमिनीवरच, पण नाकाच्या रेषेच्या पुढे ठेवायचा. म्हणजे चेंडू आणि ग्लोव्ह दोन्ही एकाच नजरेत येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे टप्पा. चेंडू टप्पा घेऊन वर जाऊन खाली येताना सोपा असतो, आणि जमिनीवरून नुकताच उठताना, ग्लोव्हच्या तोंडाशी, तोही सोपा असतो. या दोन्हींच्या मधे, अर्धवट वर आलेला चेंडू वाईट. टाचांवर उभी राहून वाट पाहणाऱ्या मुलीच्या वाट्याला नेमका तोच येतो. दोन पावलं पुढे गेलं की टप्पा आपण निवडतो. हे समजावून सांगत बसू नका. जवळून, हाताने घरंगळवत चेंडू द्या, ग्लोव्हशिवाय. बॅटने मारलेले चेंडू फार नंतर.

याबाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. खडबडीत मैदानावर मी घाईघाईने जोरात चेंडू मारला. तो खड्याला लागून उडाला आणि एका मुलीचा ओठ फुटला. दोन आठवडे ती आलीच नाही, आणि परतली तेव्हा तिची मान पुन्हा पहिल्यासारखी वळत होती. तेव्हापासून मी आधी खडे वेचतो, आणि आतल्या, म्हणजे बेसजवळच्या जागांवर उभ्या राहणाऱ्या मुलींना चेहऱ्याचा मास्क घालायला लावतो. याला कुणी भित्रेपणा म्हणालं तर खुशाल म्हणू दे.

उंच चेंडूबद्दल थोडक्यात. चेंडू डोक्यावरून जाणार असं वाटलं की मुलं उलट्या पावली धावतात आणि पडतात. पहिलं पाऊल मागे टाकून कंबर वळवायची आणि सरळ धावायचं. आणि "माझा! माझा!" असं ओरडायचं, तेही शेजारचीला ऐकू जाईल इतकं. लाजाळू मुलींना हे झेलापेक्षा अवघड जातं, म्हणून मी त्याचा सराव चेंडूशिवायच घेतो.

आणि रांगा लावू नका. एकदा मी मोजलं होतं, अर्ध्या तासाच्या रांगेत प्रत्येकीच्या वाट्याला आठ चेंडू आले. जोड्या करून, दर जोडीला एक चेंडू दिला तर तेवढे आठ पहिल्या मिनिटातच होतात.

चेंडू हातात आला की पुढे फेकीचं प्रकरण सुरू होतं, पण त्याला वेगळा वेळ हवा. नमस्कार.