31 मार्चचा साठा: सोयाबीन कंपनीचा ताळेबंद वाचताना

[दृश्य: छावनी मंडी, इंदूर. ढिगात हात घालून मूठभर सोयाबीन बाहेर काढणारा व्यापारी.]

दाणा दाताखाली धरला की व्यापाऱ्याला ओल कळते. ओल 12 टक्क्यांच्या फार वर असली, तर गोदामातली थप्पी आतून तापते, दाणा काळवंडतो, तेलाची आम्लता वाढते. ताळेबंदात मात्र चांगला-वाईट सगळा माल एकाच ओळीत बसतो: 'मालसाठा'.

म्हणून आधी त्या ओळीसमोरची टीप उघडा. कच्चा माल, प्रक्रियेतला माल, तयार माल, स्टोअर्स आणि सुटे भाग, अशी फोड कंपनीला तिथे द्यावीच लागते.

समजा, साठा 120 कोटींवरून 180 कोटींवर गेला. विकलेल्या मालाचा खर्च दोन्ही वर्षी 1,095 कोटी, म्हणजे रोजचे 3 कोटी. 40 दिवसांचा साठा 60 दिवसांचा झाला. आता फोड पाहा: कच्चा माल 80 वरून 90, तयार माल 40 वरून थेट 90. खरी काळजी इथे आहे. सोयाबीन महिनाभराने गाळलं तरी चालतं. पण क्विंटलमागे तेल निघतं साधारण 18 किलो आणि डीओसी, म्हणजे पेंड, 80 किलोंच्या आसपास. पेंडेला गिऱ्हाईक नसेल तर गोदाम भरत जातं, पेंड ओल धरते, गाठी होतात.

[दृश्य: पेंडेच्या पोत्यांची थप्पी, जवळून.]

रक्कम तीच राहिली तरी माल तेवढाच असतो असं नाही. 90 कोटींत 5,000 रुपये भावाने 1 लाख 80 हजार क्विंटल सोयाबीन येतं, 4,500 ने 2 लाख.

माळव्यातली मोठी गफलत हंगामाची. नवं पीक सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरात मंडीत येतं. कारखाने पुढचे काही महिने खरेदी करतात. 31 मार्चला गोदाम बरंच भरलेलं, 30 सप्टेंबरला जवळपास रिकामं. दोन मार्चची सरासरी काढून 'वर्षभराचा साठा' म्हणणं इथे चुकतं. शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनी सहामाही ताळेबंदही देते. त्यात फोड नसते, एकूण आकडा असतो, तरी मार्चची तुलना मार्चशी आणि सप्टेंबरची सप्टेंबरशी करता येते.

नफा-तोटा पत्रकात 'साठ्यातील बदल' या ओळीचा आकडा कंसात, म्हणजे वजा, असेल, तर तयार आणि प्रक्रियेतला माल वाढलाय. त्याचा खर्च यंदाच्या नफ्यातून सुटून पुढच्या वर्षावर गेला. माल जास्त किमतीने धरला असेल, तर नफा तेवढाच फुगतो. लेखा मानक 2 सांगतं: खर्च किंवा विक्रीतून हाती येणारी निव्वळ रक्कम, यांतली कमी ती किंमत धरा. बाजार पडला आणि तयार मालाच्या टिपेत किमतीतली घट शून्य दिसली, तर कंपनीला कारण विचारायलाच हवं.

शेवटी लेखापरीक्षकांच्या अहवालाचं परिशिष्ट, जे बरेच जण उघडतही नाहीत. साठ्याच्या कोणत्याही वर्गात मोजणी आणि वही यांत 10 टक्के किंवा जास्त फरक निघाला का, ते तिथे लिहावं लागतं. खेळत्या भांडवलासाठी चालू मालमत्तेच्या (माल, येणी वगैरे) तारणावर 5 कोटींहून जास्त कर्जमर्यादा मंजूर असेल, तर बँकेला दिलेली तिमाही विवरणं वहीशी जुळतात का, तेही. बँकेला 195 कोटी आणि वहीत 180, असं दिसलं, तर वर काढलेले 60 दिवस बाजूला ठेवा. आधी हे 15 कोटी कुठले, ते शोधा.