बिवाची सावारी, बांबूतला श्वास

श्रोतेहो, नमस्कार.

९ नोव्हेंबर १९६७ रोजी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या मंचावर, पाश्चात्त्य वाद्यांच्या भल्यामोठ्या ताफ्यासमोर, दोन जपानी कलाकार आपापले वाद्य घेऊन बसले. त्सुरुता किन्शी यांच्या हाती बिवा हे छेडून वाजवायचे तंतुवाद्य होते, योकोयामा कात्सुया यांच्या हाती शाकुहाची, म्हणजे बांबूची बासरी. संचालन ओझावा सेइजी यांचे आणि रचना ताकेमित्सु तोरू यांची, ‘नोव्हेंबर स्टेप्स’. वाद्यवृंदाच्या १२५व्या वर्षानिमित्त ती मुद्दाम लिहून घेतली होती.

जपानी आणि पाश्चात्त्य संगीताची अशी जवळीक त्याआधीही झाली होती. कोतो हे आडवे ठेवून वाजवायचे लांबट तंतुवाद्य. बालपणीच दृष्टी गमावलेले कोतोवादक मियागी मिचिओ यांनी १९२९ मध्ये कोतो आणि शाकुहाचीसाठी बांधलेली ‘हारु नो उमी’, म्हणजे ‘वसंतातला समुद्र’, पुढे व्हायोलिनवरही वाजली. आजही जपानात नववर्षाच्या दिवसांत ती जागोजागी कानी पडते. मियागींनी मेळ साधला. ताकेमित्सूंनी मात्र दोन परंपरांमधले अंतर जसेच्या तसे राहू दिले, आणि मला हे धैर्य अधिक मोलाचे वाटते.

कारण हे अंतर मुळात नादातच आहे. बिवाचे पडदे उंच आणि माथ्याशी रुंद असतात. पंख्यासारख्या पसरट नखीने तार छेडली, की ती पडद्याच्या माथ्याला घासत थरथरते आणि स्वराभोवती झणझणाट उठतो. त्याला जपानीत ‘सावारी’ म्हणतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जवारी लावताना ज्यांनी कान देऊन ऐकले आहे, त्यांना ही सावारी वेगळी समजावून सांगायला नको. व्हायोलिन बनवणारा जी खरखर काढून टाकायला झटतो, तीच इथला कारागीर कष्टाने घडवतो.

शाकुहाची बांबूच्या मुळाकडच्या भागातून घडते. प्रचलित लांबी सुमारे ५४.५ सेंटिमीटर, भोके फक्त ५. वादक मान किंचित हलवून फुंकीचा कोन बदलतो आणि स्वर मींड घेतल्यासारखा सरकतो. ही मान हलवायला शिकण्यातच तीन वर्षे जातात, असे तिथे म्हणतात. झेन बौद्धांच्या फुके पंथाचे भिक्षू हे वाद्य ध्यानासाठी फुंकत, म्हणून स्वर विरल्यानंतरचा श्वासही त्या वादनाचाच भाग असतो.

‘नोव्हेंबर स्टेप्स’च्या उत्तरार्धात सारा वाद्यवृंद थांबतो आणि बराच वेळ ही दोनच वाद्ये बोलतात. बिवावर एक आघात होतो, मग काही क्षण शांतता. जपानी संगीतात या रिकाम्या जागेला ‘मा’ म्हणतात. ध्वनिमुद्रण ऐकताना तेवढ्या वेळात आवाज वाढवू नका. नीट कान दिला, तर पडद्यावर तारेची थरथर अजून ऐकू येते.