सही कोणाची?

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरमधल्या सोनोग्राफी केंद्रांच्या भिंतीवर ‘यहाँ भ्रूण लिंग परीक्षण नहीं किया जाता’ ही पाटी आपण वाचली असेल. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा तो कायदा १९९४ चा आहे आणि तो योग्यच आहे. परंतु ती पाटी वाचून गर्भपात हाच गुन्हा आहे, अशी समजूत आपल्या कित्येक घरांत पक्की होऊन बसली आहे.

१८६० च्या दंडसंहितेत तो गुन्हाच होता. आईचा जीव वाचवण्यापुरती काय ती सूट होती. चोरून, अडाणी हातांनी केलेल्या गर्भपातांत बायका दगावत, म्हणून शांतिलाल शाह समितीच्या शिफारशींनंतर १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरांचे मत पुरते. बलात्कारपीडिता, अल्पवयीन मुली, गरोदरपणातच विधवा झालेल्या स्त्रिया अशा काहींना दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुदत मिळते, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास त्यापुढेही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांच्या तरतुदीत सामावून घेतले. तरीही स्त्रीची इच्छा एवढेच कारण आपल्या कायद्याला पुरत नाही, डॉक्टरांचे मत लागतेच, ही उणीव मला खटकते.

सीमा ओलांडली की कायदा किती बदलतो, हे अमेरिकेत दिसते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये दिलेले घटनात्मक संरक्षण २०२२ मध्ये काढून घेतले आणि विषय राज्यांवर सोपवला. आज टेक्सासमध्ये गर्भपाताला जवळजवळ पूर्ण बंदी आहे, तर शेजारच्या न्यू मेक्सिकोत तो कायदेशीर आहे. आयर्लंडचे उदाहरण तर आपल्या माणसांचे आहे. मूळच्या बेळगावच्या सविता हलप्पनवार सतरा आठवड्यांच्या गरोदर असताना गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले होते. पण त्याच्या हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये जंतुसंसर्गाने त्यांचा मृत्यू झाला. २०१८ च्या सार्वमतात आयरिश जनतेने ती घटनात्मक बंदी उठवली.

आपल्या देशात मात्र इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, सर्वत्र कायदा एकच आहे. फरक पडतो तो दवाखान्याच्या खिडकीवर. माझ्या परिचयातील एक विवाहिता आठव्या आठवड्यात येथील एका खासगी दवाखान्यात गेली, तेव्हा ‘नवऱ्याची सही आणा’ म्हणून तिला परत पाठवण्यात आले. नवरा सुरतेला कामाला होता. त्याला रजा मिळून तो येईपर्यंत तीन आठवडे गेले. गोळ्यांनी गर्भपात करण्याची मुदत नऊ आठवड्यांची असल्यामुळे जे काम गोळ्यांनी झाले असते, त्यासाठी तिला टेबलावर जावे लागले.

नंतर तिने तो संमतीचा कागद मला दाखवला. त्यावर तिचे नाव, वय आणि दवाखान्याचे नाव लिहायला जागा होती. अल्पवयीन किंवा मनोरुग्ण स्त्रीच्या पालकाने सही करावी, अशी तरतूद होती. नवऱ्याच्या सहीसाठी त्या कागदावर ओळच नव्हती. खिडकीवरच्या माणसाने ती पेनाने आखून घेतली होती.